वल्लरीची वेणी आणि दोन विहिणी

सातारा,
५ जुलै २०२४

सौ. विहीणबाई बनुबाई यांस,
स. न. वि. वि.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण बारशापासून आपलं फोनवर बोलणं निघालं की दुसऱ्या वाक्याला तुमचा आवाज चढतो, तिसऱ्याला माझा, आणि वल्लरी शेजारी बाळाला थोपटत सगळं ऐकत बसते. तिला तो त्रास नको म्हणून लिहिते आहे. शिवाय कागदावर तुम्हाला मला मधेच तोडता येत नाही.

बारशाला माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या मुलीची वेणी हातात धरून दाखवलीत. बाळंतपणाला आली तेव्हा ही मनगटाएवढी होती, माहेरच्या वरणभातानं उंदराची शेपटी झाली, असं म्हणालात. मी गप्प बसले नाही, हे मान्य. तुमच्या बोअरच्या पाण्यानं अर्धे केस आधीच गेले होते, असं मीही बोलले, आणि वल्लरीच्या बाबांनी मला स्वयंपाकघरात नेलं म्हणून पुढचं राहिलं.

ते जाऊ द्या. आता मुलगी आणि बाळ शिवतेज दोघंही तुमच्या घरी आहेत, आणि आमचे जावई शंभूराज फौजेत, तिकडे पंजाबात ड्युटीवर. काल वल्लरी फोनवर सांगत होती की न्हाणीत रोज केसांचा पुंजका निघतो. झबल्याची गाठ सोडताना नख उभं चिरलं, तेही ती हसत हसत म्हणाली. ती हसत सांगते तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

सोबत आळिवाच्या लाडवांचा डबा यांच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवला आहे. रोज सकाळी एक, दुधाबरोबर. लाडू वल्लरीसाठी आहेत, भावकीसाठी नाहीत, एवढं कृपया लक्षात ठेवावं.

लोभ किती आहे ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. आहे तेवढा सांभाळावा, ही विनंती.

आपली,
चारुशीला


बेडग, ता. मिरज
१४ जुलै २०२४

सौ. चारुशीलाताईंस,
बनुबाईचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मालकांनी वाचाया मागितलं, पर मी दिलं न्हाई. तुमचं अक्षर लय सुरेख हाय, शिव्या सुदिक मोत्यावानी दिसत्यात. माझं अक्षर सातवीपातूरचं. तुमी शाळेतल्या बाई हायसा, तवा लाल पेनानं खुणा करून माघारी धाडू नका म्हंजे झालं.

लाडू भावकीनं खाल्लं न्हाईत. मालकांनी दोन खाल्लं, आन मालक काय भावकी न्हाईत. बाकी समदं तुमच्या लेकीच्या हवाली क्येलं. पर ताई, आळिवानं काय हुतंय? बाळंतिणीला ताकद लागती. मी रोज गावठी अंडी उकडते, एक दिसाआड पायाचा रस्सा करते, सांच्याला हुलग्याचं, म्हंजे तुमच्या कुळथाचं, पातळ माडगं. पोरगी सगळं घिऊन खोलीत जाती आन रिकामं भांडं आणून देती. अजून क्यास गळत्यात, पर त्यो तुमच्याकडचा साबुदाणा अंगातनं जायाचा हाय म्हणून.

वल्लरीनं सांगितलं की तुमी सोमवार धरता, गुरवार धरता, चतुर्थी, एकादशी, आन मधी कुणाचं काय आलं तर त्ये बी. तुमच्या घरात जेवायचा वार कंचा, तेवढं कळवा. त्या दिशी आमी पाव्हनं येऊ.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल, तर त्येच पाणी आमच्या द्राक्षांला हाय. एका बी घडाला टक्कल पडल्यालं न्हाई.

माझं बरं हाय. गुडघा दुखतो, म्हणून मेडिकलवाल्याकडनं गोळ्या आणल्यात. सकाळी च्यासंगं एक टाकली की दिवसभर पळते. समद्यांचं उरकूस्तवर भूक मरती, तवा तव्यावरचं काय उरलं आसंल त्ये उभ्या उभ्या खाते. तांदूळ निवडताना मूठभर कच्चं तोंडात टाकलं तर त्येच गोड लागतंय. माझ्या क्यासांची कुणाला काळजी न्हाई, डोक्यावर पदर हाय.

शिवतेज हसाया लागलाय. हसला की तुमच्यावानी दिसतो, म्हणून मी त्याला जास्ती हसवत न्हाई.

लोभ ऱ्हाऊ द्या, जमल तसा.

तुमची,
बनुबाई


सातारा,
२५ जुलै २०२४

सौ. बनुबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्या पत्रात मी लाल पेन लावलं नाही. लावलं असतं तर पेन संपलं असतं.

पायाच्या रश्शाबद्दल मी काही बोलणार नाही. लग्नानंतर काय खायचं ते वल्लरीचं तिनं ठरवलं, आणि आम्ही दोघांनी ते कबूल केलं. पण ती सांगते, रात्री छातीत जळजळतं. अंगावर पाजणारी मुलगी आहे ती, तिला तालमीत उतरवायचं नाहीये. मी एक वेळापत्रक करून पाठवते आहे. सकाळी भिजवलेले बदाम, मग लाडू, दुपारी मुगाची उसळ आणि पालेभाजी, चारला राजगिऱ्याची वडी, संध्याकाळी ताक. ते तुमच्या फ्रीजवर चिकटवावं. तेलाची बाटलीही आहे. त्यात जास्वंद, माका आणि वडाच्या पारंब्या उकळल्या आहेत. वासाला नावं ठेवू नका.

माझ्या उपासांना हसलात. मला उपासानं आजवर काही झालेलं नाही. हल्ली समर्थ मंदिराचा चढ चढताना तीनदा थांबावं लागतं, पण ते वयाचं. नखंही मऊ पडली आहेत, भाजी निवडताना वाकतात. मी त्यावर रंग लावते, म्हणजे चारचौघींत बरी दिसतात. तुमच्यासारखे कच्चे तांदूळ मात्र मी खात नाही. मला बर्फ लागतो. फ्रीजमधला अख्खा ट्रे मी एकटी संपवते, आणि माझ्या कडाकडा चावण्यानं बातम्या ऐकू येत नाहीत अशी यांची तक्रार असते. चहा घेतला की तेवढ्यापुरती हुशारी येते, म्हणून तो दिवसातून बऱ्याचदा होतो.

मी वल्लरीला जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करते. ती ताट दाखवते. ताट भरलेलं असतं, पण मुलगी वाळत चालली आहे. हे कसं, याचा विचार करावा.

लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिते, असं समजावं.

आपली,
चारुशीला


बेडग,
२ ऑगस्ट २०२४

ती. सातारच्या आईस आणि ती. बेडगच्या आईस,
शि. सा. न. वि. वि.

या पत्राच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक टपालानं जाईल, दुसरी इथे फडताळात गुळाच्या डब्यावर ठेवते आहे. दोन्हींत काना-मात्रेचाही फरक नाही, तेव्हा कुणाला जास्त लिहिलं म्हणून भांडू नका.

तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. इथे आलेली बेडगच्या आईंनी उशीखाली ठेवली होती, आणि इथून गेलेली त्यांनी आधी मला वाचून दाखवली होती. वाचताना त्या इतक्या हसत होत्या की त्यांना धाप लागली.

आता खरं सांगते. आळिवाचे लाडू म्हशीनं खाल्ले. बदामही तिलाच गेले. ती इतकी तुळतुळीत झाली आहे की शेजारचे लोक मामंजींना येऊन विचारतात, हिला काय घालता म्हणून. पाया आणि अंडी कुत्र्यानं खाल्ली. सोमवारपासून श्रावण, घरात पाया बंद, त्यामुळे तो आतापासून उदास आहे. तेल मात्र मी लावलं. वास खरंच वाईट आहे, आई. शिवतेज माझ्यापासून तोंड फिरवतो.

मला भूक लागत नाही असं नाही. पण एक आई समोर उभी राहून माझा घास मोजते आणि दुसरी फोनमधून ताट बघते, तेव्हा घास खाली उतरत नाही. मी सकाळी द्राक्षाच्या बागेत जाते. तिथे कामाला येणाऱ्या बायका मांडवाखाली भाकरी सोडतात, मटकीची उसळ आणि ठेचा असतो. त्या मला अर्धी भाकरी देतात आणि आपापल्या नवऱ्यांना नावं ठेवत बसतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. दिवसातलं माझं खरं जेवण तेवढंच.

केस माझे आहेत. ते गळतात तेव्हा मलाच रडू येतं. शंभूराजचा व्हिडिओ कॉल आला की मी डोक्यावर ओढणी घेते. तो म्हणतो, आईची सून शोभतेस. त्यालाही मी अजून सांगितलेलं नाही. येत्या सोमवारी मी मिरजेला डॉक्टरांकडे जाणार आहे, एकटी. लाडू, पाया आणि वेळापत्रक यांपैकी काहीही बरोबर नेणार नाही.

आणि दोघींना एकच विचारायचं आहे. बेडगच्या आई, मी लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला बसून जेवताना पाहिलेलं नाही. सातारच्या आई, तू बसतेस, पण ताटात काही नसतं. माझ्या खाण्यावर बोलायचं तुम्हाला सुचतं तरी कसं?

राग आला तर माझ्यावर यावा, एकमेकींवर नको.

तुमची दोघींची,
वल्लरी


सातारा,
२० सप्टेंबर २०२४

सौ. बनुबाई यांस,
स. न. वि. वि.

त्या सोमवारी काय झालं, असं तुम्ही घरात सगळ्यांना विचारता आणि सगळे काहीतरी सांगून उडवून लावतात, हे वल्लरीकडून कळलं. ज्या गोष्टीत आपण पडलो ती आपल्याला ठाऊक असावी. म्हणून जे ऐकलं आणि जे स्वतः पाहिलं ते सरळ लिहिते.

वल्लरी मिरजेला निघायच्या तयारीत होती. शिवतेज तुमच्या कडेवर होता आणि तुम्ही परसात वाळत घातलेले लंगोट काढत होतात. वल्लरीनं दारातून पाहिलं तेव्हा तुम्ही एका हातानं दोरी धरून उभ्या होतात आणि तुमचे ओठ पांढरे पडले होते. तिनं हाक मारली. तुम्ही वळलात आणि मागच्या मागे गेलात. पडता पडता तुम्ही पोराला दोन्ही हातांनी छातीशी धरलंत. त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. तुमचं डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं. वल्लरी सांगते, शुद्ध गेली होती तरी तुमच्या हातांची मिठी सुटत नव्हती, तिला एकेक बोट उघडावं लागलं.

तुमचे मालक, आकाराम भाऊजी, बागेतून धावत आले आणि शेजाऱ्यांच्या जीपनं तुम्हाला मिरजेला नेलं. तिथे टाके घालायला तुमचा पदर बाजूला केला. वल्लरीनं तुमचे केस तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तिला मी फोन केला तेव्हा ती नुसती रडत होती. मला वाटलं तुम्ही गेलात. ती एवढंच म्हणत राहिली की आईंच्या डोक्यावर काही राहिलंच नाहीये, आणि त्या रोज माझी वेणी घालतात.

मी मिळेल त्या एसटीनं आले. तुमचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सातवर आलेलं होतं. दोन बाटल्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी नळी घालून पोट तपासलं, तर आत जखमा. गुडघ्यासाठी त्या गोळ्या तुम्ही रिकाम्या पोटी चहाबरोबर घेत होतात ना, त्यांनी पोट आतून सोललं होतं आणि थेंब थेंब रक्त जात होतं. किती महिने, कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी थोडे दिवस गेले असते तर जीव वाचवणं अवघड झालं असतं. भाऊजी हे ऐकून बाहेर बाकावर जाऊन बसले.

मी आले त्या संध्याकाळी तुम्ही डोळे उघडलेत आणि समोर मी दिसले. तुम्ही आधी विचारलंत, ताई, जेवलात का. श्रावणी सोमवार होता. मी जेवले नव्हते. 

त्याच वेळी त्या डॉक्टरीणबाई आल्या. आपल्या वल्लरीपेक्षाही लहान असतील. त्यांनी तुम्हाला विचारलं की माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का. तुम्ही तांदूळ कबूल केलेत आणि मी शेजारून हसले. मग त्यांनी माझ्या पांढुरक्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, आणि तुम्हाला काय, बर्फ का. माझं हसू तिथेच थांबलं. अंगात रक्त कमी असलं की असली खा खा सुटते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं माझ्या एका नखाचा रंग पुसला. खाली नख मधे खोलगट होतं, चमच्यासारखं. त्यावर पाण्याचा थेंब ठरला असता. तुम्ही उशीवरून मान उचलून बघत होतात आणि मला तुमचं नख दाखवत होतात. सारखीच होती दोघींची, बनुबाई. माझं रक्त भरलं साडेआठ. मलाही सगळ्या तपासण्या कराव्या लागल्या. पोटात काही निघालं नाही. उपास, आणि जेवणावर लगेच चहा, एवढंच कारण निघालं. ते ऐकून हे म्हणाले की एवढ्यासाठी मिरजेला यायची गरज नव्हती, त्यांनीच सांगितलं असतं.

आता वल्लरीचं. तिचं रक्त आपल्या दोघींपेक्षा चांगलं निघालं. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी असे केस गळणं पुष्कळ बायकांना होतं, आणि पोर वर्षाचं होईतो ते आपले आपण येतात. नखं साबणाच्या पाण्यात सारखे हात असल्यानं चिरत होती. तिला सांगितलं ते इतकंच, की बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्या सोडू नको, वेळेवर जेव, डाळी-उसळी, पालेभाज्या, अंडी, जे आवडेल ते पोटभर खा, वर लिंबू पिळ आणि जेवणाच्या आसपास चहा नको. म्हणजे जिच्या वेणीसाठी आपण सातारा ते बेडग तोफा डागल्या, तिला धीर धरण्यापलीकडे फारसं काही नको होतं. वल्लरी हे ऐकून दवाखान्याच्या जिन्यात बसून इतकी हसली की एका नर्सनं तिला पाणी आणून दिलं. नंतर ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाळ झाल्यापासून मी तिला केसांबद्दल सोडून दुसरं काही विचारलंच नव्हतं, ते तेव्हा जाणवलं.

तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या कृती सांगितलीत आणि वल्लरीनं घरून हुलग्याचं माडगं करून आणलं, ते मी पहिल्यांदा खाल्लं. दिसायला चिखल आहे. पण मी वाटी चाटली, हे तुम्ही पाहिलंत, त्यामुळे नाकारत नाही. आता इथे मंडईत हुलगे शोधत फिरते. वाण्याला वाटलं घरात घोडा पाळलाय.

सोमवार आणि गुरुवार सोडले. एकादशी ठेवली आहे, तीही शेंगदाणे, राजगिरा आणि फळं खाऊन. महादेवाकडून अद्याप तक्रार आलेली नाही. यांची आली आहे, कारण सोमवारी मी जेवते म्हणजे यांना बाहेर मिसळ खायला जाता येत नाही.

जपून राहा. आता मला भांडायला तुम्हीच लागता.

तुमची,
चारुशीला


बेडग,
८ डिसेंबर २०२४

सौ. चारुशीलाताईंस,
बनुबाईचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. द्राक्षाच्या विरळणीचं काम निघालं, आन मला बागंत पाय टाकू देत न्हाईत. घरात बसून हुकूम सोडायचा, एवढंच काम. त्ये बी दमवतंय.

परवा मिरजंला जाऊन रक्त तपासलं. साडेदहा झालं. पोट भरत आलंय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. गुडघ्याच्या त्या गोळ्या कायमच्या बंद क्येल्या, आता शेकते आन सांगितल्याला व्यायाम करते. पाय वर क्येला की शिवतेज बी माझं बघून पाय वर करतो. तांदूळ निवडताना हात तोंडाकडं जात न्हाई. म्हस आता साधी म्हसच दिसती, लोक इचाराया याचं थांबलं.

वल्लरीच्या कपाळावर बारीक क्यास आल्यात. हुबंच ऱ्हात्यात, पाणी लावून बसिवलं तरी परत हुबं. तिनं शंभूराजाला कॉलवर दाखिवलं. त्यो म्हणाला, रंगरूटावानी दिसतीस. पोरगी हसली आन ओढणी काढून पार खाटंवर टाकली. आता ती भर दुपारी उघड्या डोक्यानं अंगणात बसती, आन मी काय बोलत न्हाई. माझं बी थोडं आल्यात म्हणती ती. मला दिसत न्हाईत, पर तिच्या बोटाला लागत्यात. आता सांच्याला मी तिची वेणी घालते आन मंग ती माझ्या डोक्याला तेल लावती. तुमचंच तेल हाय. वास खरंच लय घाण हाय, ताई.

आता एक सांगायचं ऱ्हायलं, त्ये मी फोनवर सांगितलं असतं तर मला नीट सांगाया आलं नसतं.

मालकांनी फौजंत लंगर सांभाळलाय, दोनशे जवानांचं जेवान काढायचं. ह्या घरात मातर त्यांनी कवा कप विसळला न्हाई, आन मी बी कवा म्हटलं न्हाई. दवाखान्यातनं आल्यापास्नं मी जेवले का त्ये बघाया त्ये चुलीकडं येरझाऱ्या घालायचं. गेल्या रविवारी सकाळी मी चुलीकडं निघाली तर त्ये दारात पाट टाकून बसलं. आत जायाचं न्हाई म्हणालं. सोता परातीत पीठ घिऊन बसलं आन भाकरी थापाया लागलं. पयली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर जाऊस्तवर तिचं दोन तुकडं झालं. दोनशे जणांच्या रोट्या लाटल्याला गडी, पर त्यांचा हात ज्वारीला बसंना. घामाघूम झालं. मंग वल्लरी आली, तिनं त्यांला उठिवलं आन तिनं थापली.

मला ताटावर बसिवलं हुतं. वांग्याचं भरीत, कांदा, लिंबाची फोड, मटकीची उसळ. मी दोनदा उठाया गेली, दोनदा मालकांनी खांद्यावर हात ठिवून खाली बसिवलं. समोर कुणीच जेवल्यालं नसताना आपुन जेवायचं, मला लय लाज वाटत हुती. हात कुठं ठेवावं कळंना.

मंग वल्लरीनं निखाऱ्यावरची भाकरी तशीच आणून माझ्या ताटात टाकली. टम्म फुगल्याली. मी पापुद्रा उचलला तर आतनं वाफ आली, चष्म्यावर. ताई, लगीन हून आले तवापास्नं मी ह्या घरात भाकरी थापतीया. किती थापल्या आसतील, देवाला ठावं. पर चुलीवरनं निघाल्याली फुगीर भाकरी माझ्या तोंडात कवा गेली न्हवती. माझ्या वाटणीला कायम गार झाल्याली. गरम भाकरी एवढी गोड आसती, ह्ये मला ठावंच न्हवतं. आमच्या घरातली समदी मानसं ही आसली भाकरी रोज खात हुती आन कुणी मला सांगितलं न्हाई.

मी दोन खाल्ल्या. मंग जरा रडले. मालक घाबरलं, त्यांला वाटलं परत पोटात दुखाया लागलं. मी डोळं पुसलं आन तिसरी मागितली.

तुमी जेवून घ्या, मंगच उत्तराला बसा. लोभ हाय, आन आता कमी व्हायाचा न्हाई.

तुमची,
बनुबाई